बाबांचा पाय, माझी एक्सेल शीट

डायबेटिसच्या जखमेवर लावायचं एक मशीन. एका सिटिंगचे साडेसात हजार. लावायचं की नाही, हे घरात ठरत नव्हतं. शेवटी हिशेब करायचं काम माझ्याकडे आलं...

'एवढ्या पैशांत सेकंडहँड झेरॉक्स मशीन येईल!'

ऑपरेशनला चार दिवस झालेले. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं गेलेली. हाताला सलाइन. आणि त्या चार दिवसांतलं बाबांचं पहिलं पूर्ण वाक्य हे! समोर उभे असलेले सर्जन हसले. आई नाही हसली.

आमचं धनकवडीत स्टेशनरी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. बाबा त्रेसष्ट वर्षांचे, आणि सतरा वर्षांपासून 'थोडी शुगर आहे' कॅटॅगरीतले. म्हणजे सकाळी गोळी घ्यायची, चहा बिनसाखरेचा प्यायचा आणि लग्नात मात्र दोन गुलाबजाम. तुमच्याही घरात असा एक मेंबर असेलच. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. त्यामुळे नसेल, तर शेजारी नक्की असेल.

झालं काय, तर एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि आईला फरशीवर लाल ठसे दिसले. एकाच पायाचे. चप्पल उलटी केली तर तळातून ड्रॉइंग पिन आरपार. दुकानातलीच! दिवसभर बाबा त्या पिनेवर उभे होते आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. तुमच्या-माझ्या पायात गेली असती तर आपण गल्ली डोक्यावर घेतली असती. पण वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात. दुखणं ही शरीराची अलार्म सिस्टिम, आणि बाबांची ती कधीच बंद पडली होती.

पुढचे आठ दिवस हळद, बँड-एड आणि 'काही होत नाही गं'. नवव्या दिवशी ताप, सुजलेला पाय आणि खोलीत एक वास. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

मी तेव्हा काय करत होते? घरीच होते. शेजारच्या खोलीत लॅपटॉप उघडून एका वेबसाइटसाठी 'हेल्दी ब्रेकफास्टचे दहा ऑप्शन्स' लिहीत होते. सॉरी, पण हे खरं आहे.

मशीन म्हणजे नेमकं काय?

ऑपरेशननंतर पायाच्या बाहेरच्या कडेला माझ्या मोबाइलएवढी उघडी जखम राहिली. ती टाके घालून शिवता येत नव्हती. सर्जन म्हणाले, 'व्हॅक लावूया.'

व्हॅक म्हणजे व्हॅक्यूम असिस्टेड क्लोजर. शास्त्रीय नाव निगेटिव्ह प्रेशर थेरपी. फंडा तसा सोपा आहे. जखमेच्या मापाचा काळा स्पंज कापायचा, जखमेत बसवायचा, वरून पारदर्शक चिकट फिल्म लावून सगळं हवाबंद करायचं. फिल्मला एक भोक, त्यातून नळी, नळीच्या टोकाला डबा आणि पंप. पंप सतत हवा ओढतो, साधारण उणे १२५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबानं. जखमेतलं पाणी डब्यात जातं, सूज उतरते, कडा जवळ खेचल्या जातात आणि तळातून लालबुंद दाणेदार नवं मांस वर यायला लागतं. रोज ड्रेसिंग सोडायचं नाही. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. त्यालाच सिटिंग म्हणतात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या लुईस अर्जेंटा आणि मायकेल मॉरिक्वास यांनी १९९७ मध्ये या पद्धतीवरचे त्यांचे पेपर छापले आणि मग हे मशीन जगभर गेलं.

आमच्याकडे ते आलं या रेटनं : सिटिंगचे साडेसात हजार, मशीनचं भाडं रोज सातशे. किमान पाच सिटिंग्ज. दादाच्या कंपनीचा मेडिक्लेम अॅडमिट असेपर्यंतच. त्यातही स्पंज, फिल्म वगैरे 'कन्झ्युमेबल्स' म्हणून बिलातून कापलेलं. घरी गेल्यावर सगळं खिशातून.

मग हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये फॅमिली मीटिंग. दादा हिंजवडीत आयटीत आहे. त्याचा डायलॉग, 'लावा ना, पैशांचं काय एवढं?' पण हे बोलताना त्याचा अंगठा बँकेच्या अॅपवर होता. त्याचा होम लोनचा हप्ता आम्हाला सगळ्यांना पाठ आहे. आई म्हणाली, 'डॉक्टर म्हणतायत तर करायला हवं ना?' आणि बाबांचं तेच, झेरॉक्स मशीन!

शेवटी दादा माझ्याकडे वळला. 'तू पत्रकार ना? शोधून काढ, वर्थ आहे का ते.'

डॉलरचा हिशेब

त्या रात्री हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसून मी एक्सेल उघडलं. डावीकडे 'मशीन', उजवीकडे 'साधं ड्रेसिंग'. आणि वाचायला लागले.

पहिल्या तासात मी एकदम खूश! २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आर्मस्ट्राँग आणि लॅव्हरी यांचा अभ्यास आला होता. १६२ पेशंट, सगळ्यांच्या पायाचा काही भाग काढलेला. म्हणजे अगदी बाबांसारखी केस. सोळा आठवड्यांत मशीनवाल्यांपैकी ५६ टक्के बरे झाले, साध्या ओलसर ड्रेसिंगवाल्यांपैकी ३९ टक्के. २००८ मध्ये याच पेशंट्सच्या खर्चाचा हिशेबही छापून आला. बरं होईपर्यंतचा सरासरी खर्च मशीननं सुमारे २६ हजार डॉलर, साध्या ड्रेसिंगनं सुमारे ३९ हजार. म्हणजे महाग मशीनच स्वस्त!

मी दादाला मेसेज टाकणार होते, 'डन.' मग म्हटलं, थांब, हे स्वस्त नेमकं कशामुळे पडलं?

उत्तर त्याच पेपरात होतं. मशीनवाल्यांचं ड्रेसिंग सरासरी ४१ वेळा बदललं गेलं, साध्यावाल्यांचं ११८ वेळा. जखम पुन्हा साफ करण्याची छोटी ऑपरेशन्सही मशीनवाल्यांना कमी लागली. अमेरिकेत प्रत्येक ड्रेसिंगमागे नर्सचा वेळ असतो आणि तिथे माणसाचा वेळ महाग. मशीननं तो वाचवला, म्हणून बिल उतरलं.

आता धनकवडीत या. आमच्याकडे घरी येऊन ड्रेसिंग करणारे ब्रदर चारशे रुपये घेतात. इथे माणूस स्वस्त आणि स्पंज महाग. अख्खं गणित उलटं! डॉलरचा निष्कर्ष रुपयात तसाच्या तसा उतरवता येणार नव्हता.

दुसरी गोष्ट खटकली. हे अभ्यास मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांवर झाले होते. म्हणून ते खोटे ठरत नाहीत, पण पत्रकाराचा कान टवकारतोच. मग २०२० चा जर्मनीतला अभ्यास सापडला. ३६८ पेशंट, रोजच्या दवाखान्यांतली नेहमीची प्रॅक्टिस. तिथे सोळा आठवड्यांत पूर्ण भरलेल्या जखमा मशीनगटात १५ टक्क्यांच्या आसपास, दुसऱ्या गटात १२. म्हणजे जवळपास सारखंच. मशीन मध्येच बंद करणं, नोंदी अर्धवट राहणं, असं खऱ्या आयुष्यात होतं ते सगळं तिथेही झालेलं.

रात्रीचे अडीच. माझी एक्सेल शीट माझ्याकडे बघतेय आणि मी तिच्याकडे.

तीन प्रश्न

सकाळी सर्जन राउंडला आले तेव्हा मी कागद घेऊन तयार. मला वाटलं वैतागतील. पण ते खुर्ची ओढून बसले.

त्यांनी सांगितलं ते असं. डायबेटिसच्या पायाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाची २०२३ ची गाइडलाइन आहे. ऑपरेशननंतरच्या जखमेत या मशीनचा विचार करा, पण ऑपरेशनशी संबंध नसलेल्या साध्या अल्सरवर वापरू नका, असं ती सांगते. म्हणजे 'मशीन चांगलं की वाईट' हा प्रश्नच चुकीचा. कुठली जखम, हे आधी बघायचं.

'बाबांची जखम ऑपरेशनची आहे. पण तेवढ्यावर मी लावणार नाही,' ते म्हणाले. पायाला रक्त पोचतंय का? डॉपलर झालं होतं, पोचत होतं. नसतं पोचत, तर आधी रक्तवाहिनी मोकळी करायला हवी, नाहीतर मशीन म्हणजे पैसे पाण्यात. आत मेलेलं मांस किंवा सडलेलं हाड राहिलंय का? ते ऑपरेशनमध्ये काढलं होतं. आणि तिसरं, थांबायचं कधी? जखम पूर्ण बंद होईपर्यंत मशीन चालवत बसायचं नाही. तळ लाल मांसानं भरला की मशीन काढायचं आणि मांडीची कातडी लावायची.

हा तिसरा मुद्दा माझ्या शीटमध्ये नव्हताच. मी खर्च धरला होता सोळा आठवड्यांचा. ते म्हणत होते पंधरा दिवस!

मी विचारलं, 'आणि मशीन नाही लावलं तर?'

'भरेल की. तीन-साडेतीन महिने, कदाचित जास्त. पण जितके दिवस जखम उघडी, तितके दिवस पुन्हा इन्फेक्शनचा धोका. तेव्हा बोटं गेली, पुढच्या वेळी पाऊल जाऊ शकतं.'

त्या दुपारी २००८ चा आणखी एक अभ्यास परत उघडला. तोही कंपनीचाच, पण मोठा, तीनशेहून जास्त पेशंट्सचा. त्यात पुन्हा बोट किंवा पाय कापावा लागला मशीनगटात ४ टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. आदल्या रात्री या ओळीवरून माझी नजर सरळ घसरली होती. मी फक्त खर्चाचा कॉलम शोधत होते ना!

आम्ही 'हो' म्हटलं. बाबा म्हणाले, 'तुमचं तुम्ही ठरवा,' आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

घरातला नवा मेंबर

मशीन घरी आलं. लंचबॉक्सएवढं, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेलं. आवाज म्हणजे कुणीतरी दूरवर उसाच्या रसाचा शेवटचा घोट स्ट्रॉनं ओढतंय असा, चोवीस तास. पहिल्याच रात्री दोन वाजता अलार्म. बोटांच्या बेचक्यात फिल्म सुटली होती आणि हवा आत जात होती. मी, आई आणि व्हिडिओ कॉलवर ब्रदर, असे तिघांनी मिळून ती फट बुजवली. 'लीक' हा शब्द आमच्या घरात तेव्हापासून फक्त एकाच अर्थानं वापरला जातो.

दोन सिटिंग्जनंतर स्पंज काढला तेव्हा मी पहिल्यांदा धीर करून बघितलं. पिवळट खड्ड्याच्या जागी लाल, ओलसर, डाळिंबाच्या दाण्यांसारखं काहीतरी. ब्रदर म्हणाले, 'झकास!' बाबांनीही मान उचलून पाहिलं, बोलले काहीच नाहीत.

आणि मग सातव्या दिवशी, बोर्डाच्या परीक्षेचा सीझन, हॉल तिकिटांच्या झेरॉक्सची गर्दी. आई भाजी आणायला गेली होती. बाबांनी मशीन खांद्याला लावलं, जिना उतरले आणि चालत दुकान गाठलं. तीन तास उभे! दुखत नव्हतं ना...

पुढच्या सिटिंगला जखमेची एक कड काळवंडलेली निघाली. सर्जन पहिल्यांदाच चिडले. 'काका, मशीन जखमेतलं पाणी ओढतं. तुमचं वजन नाही ओढत!'

पायावरचं वजन काढणं, हे तर या उपचारातलं सगळ्यात जुनं आणि स्वस्त औषध. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम केलं. अशा पायाची जखम औषधाअभावी नाही, तर त्यावर चालत राहिल्यानं भरत नाही, हे त्यांनी दाखवलं. पाय प्लास्टरमध्ये घातला, वजन वाटलं गेलं, की जखमा भरायच्या. हीच गोष्ट पुढे डायबेटिसच्या पायाला लागू झाली. आम्ही साडेसात हजारांचा स्पंज लावला आणि फुकटातला नियम मोडला.

कड साफ करावी लागली आणि एक सिटिंग वाढलं. मी एक्सेलमध्ये नवी ओळ टाकली : 'दुकानात चक्कर – ७,५०० अधिक तीन दिवसांचं भाडं २,१००.' प्रिंट काढून बाबांच्या उशाशी ठेवली. त्यानंतर ते बाथरूमलासुद्धा वॉकर घेऊन, टाच टेकवत जायला लागले.

फायनल आकडा

आता ज्यासाठी तुम्ही इथवर वाचलंत तो हिशेब.

मशीन : सहा सिटिंग्जचे ४५,००० आणि अठरा दिवसांचं भाडं १२,६००. कातडी लावल्यानंतरची पंधरा ड्रेसिंग्ज, ६,०००. एकूण ६३,६००. कातडी लावण्याचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसलं.

साधं ड्रेसिंग केलं असतं तर : डॉक्टरांच्या अंदाजानं शंभर दिवस, रोज चारशे, म्हणजे ४०,०००.

मशीन २३,६०० रुपयांनी महाग. पण बाबा सत्तराव्या दिवशी दुकानात बसले, शंभराव्या नाही. दुकान रोजचे हजार सुटवतं. तीस दिवसांचे तीस हजार. म्हणजे फायदा ६,४०० रुपये.

बस्स? हो, बस्स. एका सिटिंगपेक्षाही कमी! बाबांची ती चक्कर नसती तर सोळा हजार झाला असता. आणि हे सगळं 'शंभर दिवस' या एका अंदाजावर उभं. नव्वद दिवस लागले असते तर आम्ही तोट्यात. बाबा एकच आहेत आणि पायही तोच. दुसऱ्या प्रकारे काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण सरकारी हॉस्पिटलमध्ये सर्जरीची रेसिडेंट आहे. तिला शीट पाठवली तर म्हणाली, 'आमच्याकडे साडेसात हजार कोण देणार? आम्ही निर्जंतुक केलेला फोम, नाकातून घालायची नळी, फिल्म आणि भिंतीतलं सक्शन वापरतो. तत्त्व तेच.' फक्त पेशंटला भिंतीशेजारच्या बेडवर राहावं लागतं. बेड अडतो, रोजगार बुडतो. खर्च जातो कुठे? बिलातून निघतो आणि दुसरीकडे जाऊन बसतो. २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये एमआयटीच्या टीमनं हातानं दाबायचा, विजेशिवाय चालणारा पंप वापरून पाहिला होता, तो याच अडचणीवर उतारा म्हणून.

तर 'वर्थ आहे का?' दादाला मी दिलेलं उत्तर असं होतं. आपल्या केसमध्ये, हो. पण पैसे वाचले म्हणून नाही, ते जेमतेम जमले. बाबांची जखम तीन-साडेतीन महिने उघडी राहण्याऐवजी पंधरा-अठरा दिवसांत झाकण्याजोगी झाली आणि पाऊल शाबूत राहिलं म्हणून. आणि जखम योग्य होती, रक्त पोचत होतं, थांबायचं कधी ते ठरलं होतं म्हणून. यातलं एक जरी नसतं तरी मी बाबांच्या बाजूनं मत दिलं असतं. घ्या झेरॉक्स मशीन!

शीटमध्ये सगळ्यात वर मात्र एक ओळ आहे, जी मी शेवटी टाकली. 'ड्रॉइंग पिन – एक रुपया.' आठ दिवस ती जखम घरात, आमच्या डोळ्यांसमोर होती. चौघांपैकी कुणीही तळवा उलटा करून बघितला नाही. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला मी बाबांच्या पाया पडते. पाय बघितले कधीच नव्हते.

आता दर रविवारी सकाळी बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसतात आणि मी मोबाइलचा टॉर्च लावून तळवे तपासते. त्यांना भयंकर संकोच वाटतो. 'पुरे गं,' म्हणतात. इतर दिवशी ते स्वतः छोट्या आरशात बघतात. आरसा दुकानातलाच, साठ रुपयांचा. पायात मऊ एमसीआर रबराची चप्पल. ड्रॉइंग पिन्स विकणं त्यांनी बंद केलंय. कुणी मागितल्या तर म्हणतात, 'सेलोटेप घ्या, बरी असते.'

चौकट : या रविवारी घरी एवढं कराच

* आई-बाबांचे तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा. भेग, फोड, लाली, काळपट डाग, ओल, काहीही असो.
* चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायची सवय लावा. घरातही अनवाणी चालणं बंद.
* वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाच्या संवेदनेची आणि रक्तपुरवठ्याची तपासणी करून घ्या. बारीक नायलॉनच्या काडीनं होणारी टेस्ट दोन मिनिटांची असते.
* डायबेटिस असलेल्याच्या पायाला जखम झाली, तर ती दुखत नसली तरी लगेच डॉक्टर. हळदीचे आठ दिवस नकोत.
* मशीन सुचवलं तर विचारा : रक्त पोचतंय का, आतलं इन्फेक्शन साफ झालंय का, किती सिटिंग्जनंतर थांबणार, आणि घरी लावल्यास मेडिक्लेम काय काय देणार?